दहापैकी दहा आणि मोज्यातली जखम

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला मधुमेहावरचा लेख वाचला. आहाराचा भाग इतका चांगला होता की तो मी इथल्या दोन मैत्रिणींना लगेच पाठवला. पण त्यात अमेरिकेविषयीच्या परिच्छेदात एक वाक्य आहे. तिथले कृष्णवर्णीय रुग्ण उपचारांवर समाधानी असतात, मात्र पथ्य पाळत नाहीत, म्हणून त्यांचे पाय कापावे लागतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात, अशा अर्थाचं. त्या वाक्यानं दोन दिवस मला चैन पडू दिलं नाही, म्हणून हे पत्र.

मी मूळची यवतमाळची. अटलांटाच्या दक्षिण भागातल्या एका दवाखान्यात २१ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झाले. माझ्यासमोर येऊन बसणारी बहुतेक माणसं कृष्णवर्णीय असायची. त्यांच्यातली जुनी माणसं ‘डायबेटीस’ म्हणत नाहीत. ‘आय गॉट शुगर’ म्हणतात, म्हणजे ‘मला शुगर आहे’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझी मावशीच बोलतेय असं वाटलं.

आजार तिथे फार आहे, हे खरंच. अमेरिकी सरकारच्या २०१९ ते २०२१ च्या आकडेवारीनुसार गोऱ्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं निदान झालेले ६.९ टक्के, तर कृष्णवर्णीयांमध्ये १२.१ टक्के. डायलिसिसवर असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक कृष्णवर्णीय आहेत आणि देशाच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण मात्र १३ टक्क्यांच्या आसपास. आकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांचा दोष कुणाच्या माथी मारायचा, तिथे गाडी अडते.

समाधानाचं आधी सांगते. २०११ च्या सुमाराची गोष्ट. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई माझ्याकडे यायच्या. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेल्या. दवाखान्यात येताना त्या चर्चला जातात तसा ठेवणीतला झगा आणि हॅट घालून यायच्या. नीटनेटकं गेलं की आपल्याला माणसासारखं वागवतात, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी बाहेर बसून त्यांनी समाधानाचा फॉर्म भरला आणि तो हातात घेऊनच माझ्या खोलीत आल्या. डॉक्टरांनी तुमचं नीट ऐकून घेतलं का, आदरानं वागवलं का, पुरेसा वेळ दिला का? प्रत्येक प्रश्नाला दहापैकी दहा, आणि प्रत्येक दहाभोवती निळ्या पेनानं दोनदा गिरवलेला गोल.

आमचं नाश्त्याचं बोलणं सुरू झालं. ग्रिट्स किती वाढून घेता, त्यात लोणी किती. (ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, आपल्या कण्यांच्या सख्ख्या बहिणी.) बोलता बोलता मला वास आला. खाली पाहिलं तर एका पायात चर्चचा बूट आणि दुसऱ्या पायात घरातली सपाता. मी मोजा काढायला सांगितला, तर तो अंगठ्याखाली चिकटला होता. कोमट पाण्यानं भिजवून सोडवावा लागला. खाली रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या. दुसरा बूट त्यांनी पिशवीत आणला होता. तो झटकला तर आतून शर्टाचं बटण पडलं. त्या बटणावर त्या किती दिवस चालत होत्या, हे त्यांनाच माहीत नव्हतं, कारण मधुमेहानं तळपायाची जाणीव केव्हाच गेली होती. वर्षभरात सहा वेळा त्या आमच्याच दवाखान्यात येऊन गेल्या होत्या. सहाही वेळा कागदावर ‘पाय ठीक’ अशी खूण होती. मोजे मात्र कुणी एकदाही काढायला लावले नव्हते.

अंगठा गेला, पाय वाचला. नंतर एकदा मी त्यांना विचारलं, त्या दिवशी सगळीकडे दहा का दिलेत? त्या म्हणाल्या, “बेबी, ती पोरगी माझ्याशी गोड बोलली. तिच्या नोकरीवर गदा येईल असं मी कशाला लिहू?” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि माझ्या आईला मागच्या दारानं आत यावं लागायचं.”

संपादकसाहेब, ते दहा गुण यातून आलेले आहेत. वर्णभेदाच्या काळात ज्यांच्या आईला मागच्या दारानं जावं लागलं, त्यांना पुढच्या दारानं आत घेतलं आणि नावानं हाक मारली तरी भरून येतं. माणुसकीनं वागवल्याचे ते गुण खरेच आहेत, ते खोटे ठरवायचा मला अधिकार नाही. पण त्यातून उपचार चांगले झाले असा अर्थ काढणं चूक आहे. अमेरिकेत रुग्णालयांना मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेतून मिळणाऱ्या पैशाचा काही भाग अशाच सर्वेक्षणांवर ठरतो. गुण वाढावेत म्हणून हसतमुख बोलायचं प्रशिक्षण मीसुद्धा घेतलंय. पायाकडे बघायचं प्रशिक्षण त्याच्या निम्म्यानंही मिळालं नाही.

आता पथ्याचं. अटलांटातच ग्रेडी रुग्णालय आहे. तिथले बहुतेक रुग्ण कृष्णवर्णीय आणि हातावर पोट असलेले. तिथल्या एमरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आपल्याच कामाची झडती घेतली. साखर वाढलेली स्पष्ट दिसत असताना डॉक्टर औषध वाढवतात का, एवढंच त्यांनी तपासलं. खास मधुमेहाच्या विभागात सुमारे दोन तृतीयांश वेळा वाढवलं जात होतं आणि सर्वसाधारण विभागात जेमतेम एक तृतीयांश वेळा. रुग्ण वेळेवर येऊन समोर बसलेला, रिपोर्ट टेबलावर, आणि डॉक्टर म्हणतात, पुढच्या खेपेला बघू. या ढिलाईवर त्यांनी २००१ साली लेख लिहिला आणि तिला ‘क्लिनिकल इनर्शिया’ म्हटलं. मग कृष्णवर्णीय मधुमेहींचे प्राथमिक उपचार सुधारावेत म्हणून तीन वर्षांचा एक प्रयोग झाला. काही शिकाऊ डॉक्टरांना संगणकावर आठवण करून दिली. काहींना दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं समोर बसवून सांगितलं, तुझ्या या रुग्णांची साखर अशी आहे आणि तू हे केलं नाहीस. समोर बसवून सांगितल्यानं फरक पडला. डॉक्टर वेळेवर औषध वाढवू लागले, रुग्णांची साखर उतरली. रुग्ण तेच होते, त्यांची मक्याची भाकरी आणि गोड चहाही तोच.

पथ्य महत्त्वाचं नाही असं मी कशी म्हणेन? माझी भाकरीच त्यावर होती. पण कोलार्डची पालेभाजी, चवळी, भेंडी हे सगळं ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिजतं, त्यांच्या हातात ब्रोकोली आणि ग्रीक दह्याचा छापील तक्ता देऊन ‘पाळत नाहीत’ असा शेरा मारणं बरोबर नाही. मी स्वतः पहिली दोन वर्षं तेच केलं. त्यांचं जेवण समजून घेतल्यावर लोक पुन्हा माझ्याकडे येऊ लागले.

मिसिसिपीच्या बोलिव्हर काउंटीत डॉ. फोलुसो फाकोरेडे नावाचे हृदयरोगतज्ज्ञ आहेत. पाय कापायच्या आधी रक्तवाहिन्यांची नीट तपासणी तरी करा, म्हणून ते वर्षानुवर्षं भांडत आहेत. रक्त कुठे अडलंय ते पाहून वाट मोकळी करता येते का, हे न बघताच कितीतरी पाय कापले गेले. यात पथ्याचा संबंध कुठे येतो?

मूत्रपिंडाची गोष्ट तर माझ्या जिवाला फार लागलेली आहे. १९९९ पासून मूत्रपिंडाची क्षमता मोजायची जी सूत्रं वापरात आली, त्यांत रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला वेगळा गुणक लावायचे. त्यामुळे कागदावर मूत्रपिंड आहे त्याहून चांगलं दिसायचं आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. तो गुणक २०२१ मध्ये काढला. २०२३ पासून कृष्णवर्णीय रुग्णांचा वाया गेलेला प्रतीक्षाकाळ त्यांच्या खात्यात जमा करायला लावला. १४ हजारांहून अधिक लोकांना त्याचा फायदा झाला. त्याआधी जे वाट पाहत गेले, त्यांचा हिशोब कुणाकडे मागायचा?

आणि एक बाब आपल्या विदर्भातल्या वाचकांनी जपून ठेवावी अशी. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी तांबड्या पेशींवर अवलंबून असते. ज्यांच्यात सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा एक जनुक असतो, त्या वाहकांमध्ये ती खऱ्या साखरेपेक्षा कमी दाखवू शकते. २०१७ मध्ये हे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. त्यांच्यात साधारण १३ जणांमागे एक वाहक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि तिकडे नंदुरबारमध्येही सिकलसेल आहे. घरात कुणी वाहक असेल आणि एचबीए१सी छान येत असेल, तरी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या. डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

विश्वासाचाही प्रश्न आहे. शेजारच्या अलाबामा राज्यातलं टस्कीगी इथून गाडीनं दोनेक तासांवर. तिथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून ठेवलं, रोग कसा वाढतो ते पाहायला. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. माझ्या रुग्णांमध्ये अशी माणसं होती, ज्यांच्या घरात हे जेवताना बोललं जायचं. ती दुखणं अंगावर काढायची, तेव्हा मला त्यांचा राग येईना. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या एका प्रयोगात कृष्णवर्णीय पुरुषांना कुठला डॉक्टर भेटेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. नुसता फोटो दाखवला तेव्हा फरक दिसला नाही. पण प्रत्यक्ष बोलणं झाल्यावर, डॉक्टर कृष्णवर्णीय असेल तर साखरेच्या आणि कोलेस्टेरॉलच्या तपासणीला बरेच जास्त लोक तयार झाले. अमेरिकेत असे डॉक्टर आहेत जेमतेम ५-६ टक्के.

पैशाचं तर विचारूच नका. जॉर्जियानं गरिबांसाठीच्या मेडिकेड विम्याचा पूर्ण विस्तार अजून केलेला नाही. मेडिकेअरमधल्या वृद्धांसाठी इन्सुलिन महिना ३५ डॉलरच्या आत आलं तेही २०२३ मध्ये. त्याआधी एकच कुपी दोन महिने पुरवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याही फाइलवर ‘पथ्य पाळत नाही’ असंच लिहिलेलं होतं.

निवृत्तीच्या आधी शेवटची तीन वर्षं मी माझ्या रुग्णांसाठी एक वेगळा कागद केला होता. समाधानाचा त्यात प्रश्नच नव्हता. गेल्या वर्षात तुमचे मोजे कुणी काढायला लावले का? डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासला का? लघवी तपासली का? लिहून दिलेली सगळी औषधं विकत घेता आली का? तुमची साखर किती आली, तो आकडा तुम्हाला कुणी सांगितला का? हो किंवा नाही, एवढंच लिहायचं. त्या हॅटवाल्या बाईंनी तो कागद भरताना पहिल्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलं आणि शेजारी माझं नाव लिहिलं. बाकी चारही प्रश्नांपुढे ‘नाही’.

आपल्या पुरवणीतलं ते वाक्य कृपया दुरुस्त करावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त आहारतज्ज्ञ
अटलांटा, जॉर्जिया (माहेर यवतमाळ)