फोर्ट बोवीहून परतल्यावर

टूसॉन, ॲरिझोना,
रविवार रात्र

प्रिय संज्या,

फोनवर तू विचारलंस, "जेरोनिमोचं काय पाहिलंस?" तेव्हा मी विषय बदलला. आता लिहितो, अमेरिकी लष्कराशी लढलेल्या त्या अपाची म्होरक्याबद्दल.

फोर्ट बोवी म्हणजे अमेरिकी लष्कराचं जुनं ठाणं. किल्ला म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे राजगड येईल, पण इथे तसलं काही नाही. गाडी लावून दीड मैल उन्हातून चालायचं, आणि पुढ्यात काय, तर कच्च्या विटांच्या विरघळत चाललेल्या भिंती. वाटेत एक झरा लागतो, करंगळीएवढ्या धारेचा. सगळा झगडा या धारेपायी. टपालगाड्यांना तिचं पाणी हवं होतं आणि अपाची, म्हणजे इथले मूळ रहिवासी, तर पिढ्यान् पिढ्या त्यावरच जगत आले होते.

१८६१पर्यंत अपाचींचा सरदार कोचीस याचं गोऱ्यांशी निभत होतं. मग एका रँचवरचा पोरगा पळवला गेला. नेला होता दुसऱ्याच टोळीने, पण बॅस्कम नावाच्या नवख्या लेफ्टनंटने कोचीसला तंबूत बोलावून त्याच्यावरच आळ घेतला. कोचीस सुरीने तंबू फाडून निसटला. भाऊ आणि पुतणे मात्र अडकले. पुढे कोचीसने आपल्याकडचे ओलीस मारले, लष्कराने त्याच्या भावाला फासावर लटकवलं. त्यानंतर तो अकरा वर्षं लढत राहिला.

आता जेरोनिमोचं. भिंतींच्या अलीकडे छोटं कब्रस्तान आहे. तिथे एका लाकडी फळीवर लिहिलंय: लिटल रोब, जेरोनिमोचा मुलगा, मृत्यू १० सप्टेंबर १८८५, वय वर्षे २. पुढ्यात कुणीतरी खेळण्यातली मोटार ठेवली होती, उन्हाने रंग उडालेली. आमची चिनू तेवढीच आहे रे. मी तिला कडेवर घेतलं आणि तिथून निघालो. हे फोनवर कसं सांगणार?

१८८६मध्ये जेरोनिमो शरण आला तेव्हा बायकापोरं धरून त्याच्याबरोबर चाळीसही माणसं नव्हती. मागावर सैनिक होते पाच हजार. ८ सप्टेंबरला याच ठाण्यावरून त्यांना फ्लोरिडाला रवाना केलं आणि निरोपाला लष्करी बँड वाजवला. पोराला जाऊन वर्ष व्हायला दोन दिवस होते.

पण मला सगळ्यात झोंबलं ते मार्टीन आणि कायिता यांचं. दोघेही अपाचीच, लष्कराचे वाटाडे. जीव मुठीत धरून डोंगरात चढले आणि त्यांनीच जेरोनिमोला बोलणीला राजी केलं. त्यांचीही रवानगी फ्लोरिडालाच, कैदी म्हणून! सुटका १९१३ साली. सत्तावीस वर्षं! कैदेत जन्मलेली पोरंसुद्धा युद्धकैदीच.

वहिनींना नमस्कार. डिसेंबरात येताय ना?

तुझा,
अव्या