आमची शनिवारची तारीख परत द्या

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना नाट्यगृहातून फोन आला, "तुमची तारीख काढून घेतलीय, मेळावा आहे." डिपॉझिट भरलेलं, पावती हातात. चौकशी केली तर म्हणे, "वरून आलंय." मग वर कोण बसलंय, तेच विचारायला लिहितोय.

प्रयोग होता 'मत्स्यगंधा'चा. 1964 सालचं हे संगीत नाटक वसंत कानेटकरांनी लिहिलं; ते नाशिकचे, इथल्याच एचपीटी कॉलेजातले प्राध्यापक. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. ते आम्ही ऑर्गन-तबल्याऐवजी बेचाळीस वादकांच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रावर उभं करत होतो. अभिषेकींच्या चालीतली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, पाश्चात्त्य स्वरलिपीत (स्टाफ नोटेशनमध्ये) बसवताना आठ महिने गेले. एका पदासाठी व्हायोलिनचे कागद चार वेळा फाडले. मुंबईहून आलेल्या चेलोवाल्या आजोबांनी "गाणारी श्वास कुठे घेते ते दाखवा" म्हणून तिला समोर खुर्चीवर बसवून सात वेळा गायला लावलं, तेव्हा कुठे जमलं. यमुनेच्या लाटा होणाऱ्या कथकच्या सोळा मुली हॉल मिळेना म्हणून पार्किंगमध्ये घुंगरू बांधायच्या. रात्री तळवे सोललेले असायचे. फोननंतर त्यांना काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. बायकोच्या बांगड्या गहाण आहेत, हेही लिहूनच टाकतो.

मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेनं 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. नाशिकनं काय केलं? कुसुमाग्रजांचं गाव म्हणून भाषणं केली. त्यांच्याही 'ययाति आणि देवयानी'ला अभिषेकींचंच संगीत आहे, हे त्या भाषणांत कधी ऐकलंत?

आणि कराचं बघा. पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, वर गेलं की लागतो. बेचाळीस वादक, सोळा नर्तकी, गायक, नेपथ्य हे पाचशेत बसवून दाखवा! माझ्या हिशेबानं निम्मी तिकिटं तरी हजाराच्या पुढेच ठेवावी लागतात. म्हणजे भव्य काही करू बघणाऱ्यालाच दंड. सभा-मेळाव्यांना मैदानं अपुरी पडली का, की रंगमंचही हवा? वर्षातले किती शनिवार नाटकाला आणि किती मेळाव्यांना गेले, ते एकदा मागवाच. आमच्या मोजणीत नाटकं हरलीत.

आम्हाला अनुदान नको, सत्कार नको. येत्या महिन्यातला एक शनिवार आणि आदला दिवस रंगीत तालमीला द्या. तोवर चेलोवाल्या आजोबांना मी थांबवून धरलंय.

आपला,
नाशिकचा एक नाट्यनिर्माता