स्टेम सेलच्या बातमीत पेशींचे वेळापत्रकही हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी तयार’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. बातमी बहुधा खरी असते. त्या पेशी तयार व्हायला किती दिवस लागले आणि त्या ‘तयार’ झाल्या हे कशावरून ठरवले, एवढे मात्र तिच्यात राहून जाते. त्यामुळे दोन वाचकांची दिशाभूल होते. रेणवीय जीवशास्त्र शिकून मेंदूविज्ञानात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला वाटते, कल्पना सुचली की निम्मे काम झाले. ज्याच्या घरात पार्किन्सनचा रुग्ण आहे त्याला वाटते, उपचार आता दाराशी आला. या दोघांसाठी थोडे तपशिलात लिहीत आहोत.

शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६ मध्ये उंदराच्या परिपक्व पेशी मागे वळवून त्यांना स्टेम सेलचे, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशीचे, गुण मिळवून दिले (याच आयपीएस पेशी). त्यासाठी लागणारी चार जनुके (ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक) सगळ्या लेखांत येतात. ती हाती कशी लागली हे विद्यार्थ्याने अधिक बारकाईने पाहावे. निवडलेली २४ जनुके एकेक करून घातली तेव्हा काहीच झाले नाही. सगळी एकदम घातली तेव्हा वसाहती उगवल्या. मग दर वेळी एक जनुक वगळायचे आणि कोणते वगळल्यावर वसाहती येत नाहीत ते पाहायचे, असे करत चार उरली. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवर हे जमले. २०१२ चे नोबेल यामानाका यांच्यासोबत जॉन गर्डन यांना मिळाले. गर्डन यांचा बेडकाच्या परिपक्व पेशीचे केंद्रक अंड्यात घालून नवा जीव वाढवण्याचा प्रयोग १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मध्ये अर्धे शतक गेले.

आज हे तंत्र रुळले आहे, तरी घाई चालत नाही. एखाद्याच्या रक्तातून पेशी घेऊन त्यांत सेंडाई विषाणूमार्फत ही जनुके सोडली की वसाहती दिसायला तीन-चार आठवडे लागतात. त्या हाताने उचलून वेगवेगळ्या वाढवायच्या. पेशींमधला विषाणू पूर्ण निघून जाईपर्यंत कित्येक पॅसेज (पेशी सोडवून नव्या प्लेटमध्ये लावणे) करायचे आणि तो गेल्याची पीसीआर या जनुकद्रव्य शोधणाऱ्या चाचणीने खात्री करायची. एका व्यक्तीचे निदान दोन-तीन क्लोन (एकेका वसाहतीपासून वाढलेले संच) हाताशी ठेवावे लागतात, कारण एकाच माणसाचे दोन क्लोनही सारखे वागत नाहीत. नमुना घेतल्यापासून तपासलेली, गोठवून ठेवलेली लाइन (सतत वाढवता येणारा पेशीसंच) मिळेपर्यंत चार-सहा महिने सहज जातात. मेंदूविज्ञान अजून सुरूही झालेले नसते.

रोजच्या कामाबद्दल सांगायलाच हवे, कारण या क्षेत्रातल्या माणसाची वर्षे त्यावर सार्थकी लागतात किंवा फुकट जातात. वसाहतींनी प्लेटचा साधारण ७० टक्के भाग व्यापला की, म्हणजे चार ते सहा दिवसांनी, पॅसेज करायचा. पेशींमधले जोड सैल करणारा ०.५ मिलिमोलर ईडीटीए घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत तीन ते पाच मिनिटे थांबायचे. वसाहतीच्या कडा चमकू लागतात, पेशींमध्ये बारीक फटी दिसतात, पण वसाहत अजून तळ धरून असते. त्याच क्षणी ईडीटीए काढून टाकायचा आणि मीडियमच्या (पेशींच्या पोषक द्रवाच्या) धारेने पेशी सोडवायच्या. पिपेटमध्ये दोन-तीनदाच ओढायच्या. जास्त वेळा ओढल्या-सोडल्या की गुठळ्या फुटून सुट्या पेशी होतात, आणि माणसाची स्टेम सेल सुटी झाली की बहुतेक वेळा मरते. शेजारच्या पेशीशी असलेला जोड तुटताच तिच्या आतली आकुंचनाची यंत्रणा अनावर होते. वाय-२७६३२ हा रॉक इनहिबिटर (ही यंत्रणा शांत करणारे रसायन) १० मायक्रोमोलर दिला की हे मरण बरेच टळते. मात्र तो २४ तासांनी काढायचा. तो राहिला तर पेशी पसरट, टोकदार होतात आणि वसाहत निरोगी आहे की नाही हे डोळ्यांना कळेनासे होते.

नवी प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवताना आधी मागे-पुढे आणि मग डावी-उजवीकडे हलवायची. गोल फिरवायची नाही. गोल फिरवली की पेशी मध्यभागी गोळा होतात आणि तिथल्या दाटीत त्या नको त्या दिशेने वळू लागतात. पेशींनी तळ धरावा म्हणून प्लेटला लावायचे मॅट्रिजेल हे जेल १० अंश सेल्सिअसच्या वर घट्ट होऊ लागते, म्हणून नळ्या आणि टिपासुद्धा आधी थंड करून घ्यायच्या. मीडियममधला एफजीएफ-२ हा वाढघटक ३७ अंशांवर लवकर निकामी होतो, म्हणून नेहमीचे मीडियम रोज बदलावे लागते, सुट्टीच्या दिवशीही. उष्णतेला टिकणारा एफजीएफ-२ असलेले मीडियम वापरले तर एखादा दिवस मोकळा मिळतो. हात बसायला काही महिने लागतात. ते वाया गेले असे कोणी मानू नये.

न दिसणारे बिघाड याहून घातक असतात. नेहमीच्या जिवाणूंनी मीडियम गढूळ होते. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूने होत नाही. तो ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पार होऊ शकतो, पेशी मारत नाही, फक्त त्यांची वाढ आणि जनुकांचे वागणे हळूहळू बदलतो. म्हणून दर महिन्याला पीसीआर चाचणी हवी. रोजच्या मीडियममध्ये प्रतिजैविके नकोतच, कारण त्यांनी सौम्य संसर्ग झाकला जातो. दुसरा बिघाड गुणसूत्रांचा. स्टेम सेल महिनोन्‌महिने वाढवल्या की २० व्या गुणसूत्रावरच्या २०क्यू११.२१ या तुकड्याची जास्तीची प्रत वारंवार आढळते. त्यात बीसीएल२एल१ हे पेशीला मरणापासून वाचवणारे जनुक आहे, त्यामुळे अशी एक पेशी काही आठवड्यांत सगळी प्लेट व्यापते. गंमत वाटावी अशी ही प्लेट फार छान दिसते : वाढ जोमदार, मरतूक कमी. नेहमीच्या जी-बँडिंग (गुणसूत्रे रंगवून पाहण्याच्या) तपासणीत ५ ते १० दशलक्ष बेसपेक्षा (डीएनएच्या अक्षरांपेक्षा) लहान बदल दिसत नाहीत आणि हा तुकडा बऱ्याचदा त्याहून लहान असतो. त्यासाठी क्यूपीसीआर किंवा फिश ही नेमका तो तुकडा शोधणारी चाचणी वेगळी करावी लागते. एखादी लाइन अचानक ‘चांगली’ वाढू लागली तर आनंद न मानता ती तपासायला पाठवावी, असे आमचे नवीन मुलांना सांगणे असते.

आता न्यूरॉनकडे, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशीकडे. स्टेम सेल संशोधक लोरेन्झ स्टुडर यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये मांडलेली पद्धत आजही मूळ पद्धत मानली जाते. पेशीला इतर ऊतींकडे नेणारे दोन संदेशमार्ग एकाच वेळी अडवायचे, म्हणजे ती मज्जासंस्थेकडे वळते. सध्या त्यासाठी एसबी-४३१५४२ साधारण १० मायक्रोमोलर आणि एलडीएन-१९३१८९ साधारण १०० नॅनोमोलर वापरतात. दहा-अकरा दिवसांत पॅक्स-६ हे मज्जासंस्थेकडे वळल्याची खूण असलेले प्रथिन दाखवणाऱ्या पेशी मिळतात. यात फसतात ते बहुधा पेशींच्या दाटीमुळे. सुरुवातीलाच तळ पूर्ण भरलेला हवा. विरळ लावल्या तर मेंदूच्या पेशींऐवजी न्यूरल क्रेस्टच्या (मेंदूबाहेरच्या नसा वगैरे बनवणाऱ्या) पेशी येतात आणि विद्यार्थी रसायनाला दोष देत बसतो.

त्यानंतरचे महिने बातमीत कधीच येत नाहीत. बीटा-३ ट्युब्युलिन या न्यूरॉनमधल्या प्रथिनाचा रंग धरला म्हणजे न्यूरॉन झाला असे अनेक लेखांत गृहीत धरतात. तो रंग अगदी कोवळ्या पेशीलाही लागतो. पेशीचा विश्रांत विद्युतविभव उणे ६०-७० मिलिव्होल्टपर्यंत उतरला का, ती एकामागून एक विद्युतस्पंद काढते का, शेजारणीकडून तिला संदेश येतो का, हे पॅच क्लॅम्पने (पेशीला सूक्ष्म काचनळी लावून वीज मोजण्याच्या पद्धतीने) पाहावे लागते. मेंदूच्या बाह्यकाच्या पेशींना यासाठी आठ-दहा आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात, अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींना त्याहीपेक्षा. माणसाच्या पेशी डिशमध्येही माणसाच्याच गतीने वाढतात. एनजीएन-२ हे एकच जनुक चढे ठेवून दोन आठवड्यांत न्यूरॉन मिळवण्याची वाट २०१३ पासून उपलब्ध आहे, पण त्यात विकासाचे टप्पे ओलांडले जातात. म्हणून विकासाच्या टप्प्यांतच दडलेल्या आजारासाठी ती वाट निरुपयोगी. या काळात मीडियम निम्मेच बदलायचे, तेही कडेने आणि सावकाश. जोरात सोडले की महिन्याभराचे जाळे चादरीसारखे तळापासून सुटते आणि प्रयोग पुन्हा पहिल्या दिवसावर येतो.

अल्झायमरसारख्या आजारांत आणखी एक अडचण आहे. सत्तर वर्षांच्या माणसाची पेशी मागे वळवली की तिच्यावरच्या वयाच्या बऱ्याचशा खुणा पुसल्या जातात. मग म्हातारपणाचा आजार तरुण पेशीत शोधायचा कसा? त्वचेतल्या पेशीला स्टेम सेल न करता थेट न्यूरॉन करण्याची पद्धत मारियस वेर्निग या संशोधकाच्या गटाने २०१० मध्ये उंदराच्या पेशींवर दाखवली. पुढे ती माणसाच्या पेशींवर जमली आणि त्यात वयाच्या खुणा बऱ्याच टिकतात. मात्र पेशी मोजक्याच मिळतात, कारण न्यूरॉन झालेली पेशी पुन्हा विभागत नाही. कोणत्या प्रश्नाला कोणती पद्धत, हे ठरवण्यातच संशोधकाची पारख दिसते.

मोजणीबद्दल आग्रहाने सांगायचे आहे. एका रुग्णाच्या एका क्लोनपासून मिळालेले ३०० न्यूरॉन मोजले तर संख्याशास्त्रात ती ३०० निरीक्षणे होत नाहीत. ती एका माणसाची, एका खेपेची गोष्ट आहे. तीन वेगळ्या खेपा, शक्यतो अनेक व्यक्ती, आणि आजाराला कारण असलेले एकच जनुक क्रिस्पर या जनुक-कात्रीने दुरुस्त केलेली, बाकी तशीच असलेली जोड-लाइन, एवढे असेल तर फरक आजाराचा आहे असे म्हणता येते. हे सगळे करायला पीएच.डी.ची निम्मी वर्षे जातात. शोधनिबंध एखाददुसराच होतो. तरी आमचे मत असे की असा एक निबंध घाईच्या पाचांपेक्षा मोलाचा आहे, आणि नेमणुका करणाऱ्यांनीही तो तसा मोजावा. घाईचे उदाहरण पाहा : २०१४ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये आलेले स्टॅप पेशींचे (साध्या पेशींना ताण देऊन स्टेम सेल केल्याच्या दाव्याचे) निबंध जुलैत मागे घ्यावे लागले. त्या नवलाच्या पेशी पुढे भ्रूणीय स्टेम सेल निघाल्या. पेशी कोणाच्या आहेत याची डीएनए ओळखचाचणी काही दिवसांत होते.

उपचारांकडे वळायचे तर चित्र आशेचे आहे, आणि सावधपणेच पुढे सरकणारे आहे. गर्भाच्या मेंदूतल्या पेशी पार्किन्सनच्या रुग्णांत घालण्याचे प्रयोग १९८० च्या दशकात सुरू झाले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीनंतर काही रुग्णांत औषध थांबवल्यावरही अनैच्छिक हालचाली राहिल्या. तो धडा घेऊन क्योटोत २०१८ मध्ये आयपीएस पेशींपासून केलेल्या डोपामिन (पार्किन्सनमध्ये कमी पडणारे मेंदूतले रसायन) बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशी रुग्णांच्या मेंदूत घालायला सुरुवात झाली. सात रुग्णांचे निकाल २०२५ मध्ये आले. चाचणीचा मुख्य हेतू सुरक्षितता पाहण्याचा होता. घालण्याआधी पेशी कोरिन या पेशीवरच्या प्रथिनाच्या खुणेवरून निवडून घेतल्या होत्या, कारण न वळलेली स्टेम सेल मेंदूत राहिली तर गाठ होऊ शकते. हिशेब करून पाहा : एक कोटी पेशींत ०.०१ टक्का मळ (न वळलेल्या पेशी) राहिला तरी त्या १,००० पेशी होतात. डोळ्याच्या पडद्यासाठी जपानमध्ये २०१४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली, पण दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल दिसले तेव्हा त्या वापरल्याच नाहीत. ही बातमी पहिल्या शस्त्रक्रियेइतकीच मोठ्या टायपात छापण्याजोगी होती.

चाचणीबाहेर पैसे घेऊन पाठीच्या कण्यात किंवा मेंदूत ‘स्टेम सेल’ टोचणारेही आहेत. गर्भातल्या पेशी टोचून घेतलेल्या एका मुलाच्या मेंदूत आणि कण्यात गाठी झाल्या आणि त्या दात्याच्या पेशींपासून झाल्याचे सिद्ध झाले, असा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. टोचलेली पेशी परत काढता येत नाही.

म्हणून विनंती आहे की यापुढे अशी बातमी देताना प्रयोग डिशमध्ये होता, उंदरात की माणसात, किती व्यक्तींच्या पेशी किंवा किती रुग्ण होते आणि त्यांच्यावर किती महिने लक्ष ठेवले, हे एका वाक्यात द्यावे. शोधनिबंधात ते बहुधा पहिल्या दोन पानांत असते. रुग्णाच्या नातेवाइकांनी उपचार देऊ करणाऱ्याकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा, तो सार्वजनिक नोंदवहीत स्वतः पडताळावा, आणि कोणत्या पेशी, कोणाच्या, किती आणि गुणसूत्रांची तपासणी कधी झाली हे लेखी घ्यावे. यातले काही मिळत नसेल तर सुई टोचून घेऊ नये.

आपले,
पेशीसंवर्धन आणि मेंदूविज्ञानात काम करणारे काही संशोधक