नाल्याच्या कामाआधी नाल्याचं शिक्षण द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी संपत आला की ग्रामपंचायतींच्या क्रिया योजना (म्हणजे वर्षाच्या कामांचे आराखडे) आणि पालिकांची अंदाजपत्रकं यांच्या बातम्या आपल्या पत्रात येऊ लागतात. अमुक गल्लीत गटार, तमुक नाल्याला संरक्षक भिंत, इतके लाख, इतके कोटी. मी त्या बारकाईने वाचते. या कामांवर सही करणारे, देखरेख करणारे आणि प्रत्यक्ष फावडं धरणारे जे लोक आहेत, म्हणजे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), पंचायत सदस्य, नगरसेवक, कनिष्ठ अभियंते, गावाचा पाणीपुरवठा पाहणारे वॉटरमन, त्यांना पावसाचं पाणी कसं वाहतं हे कुणी शिकवलंय का? माझ्या अनुभवात तरी कुणी शिकवलेलं नाही. बेळगाव तालुक्यातल्या एका पंचायतीत मी एक मुदत सदस्या होते आणि आमची भातशेती बळ्ळारी नाल्याच्या पट्ट्यात आहे. म्हणून हे पत्र.

येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर, हलगा या बाजूच्या शेतकऱ्याला बळ्ळारी नाला म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा, लागला की नाला भरतो, जलपर्णी रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी अडकते, मागे फुगवटा येतो आणि पाणी बांध ओलांडून शिवारात पसरतं. भाताला पाणी लागतं हे खरं, पण शेंड्यापर्यंत बुडालेलं रोप आठ-दहा दिवस पाण्याखाली राहिलं की कुजतं. मग दुबार लावणी. तोवर रोप शिल्लक असेल तर लावणी, नाहीतर त्या वर्षी शेत रिकामं. शहराचं सांडपाणीही याच नाल्यात मिसळतं, त्यामुळे पूर ओसरल्यावर शेतात राहतो तो गाळ पूर्वीसारखा सुपीक उरलेला नाही. त्यात प्लास्टिक असतं, काच असते. खुरपणीला बायका अनवाणी उतरायला घाबरतात.

आता पाऊस वाढला म्हणून हे होतं असं सगळे म्हणतात. पावसाचं तंत्र बदललंय, ते मीही बघते. पण त्याहून मोठा बदल जमिनीवर झालाय. एक साधं गणित मांडते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाच हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक टँकर. एकरावर चाळीस टँकर. शेत असेल तर त्यातला बराच भाग मुरतो, बांधात थांबतो आणि हळूहळू ओहोळाला लागतो. त्याच एकरावर घरं, काँक्रीटचा रस्ता आणि फरशी झाली की जवळजवळ सगळेच्या सगळे चाळीस टँकर तासाभरात खालच्या माणसाच्या दारात येतात. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण शहरात असो की खेड्यात, रस्ता काँक्रीटचा करताना त्यावरचं पाणी किती, ते कुठे जाणार आणि तिथे त्याला वाट आहे का, हे तीन प्रश्न विचारणारं माणूस बैठकीत असायला हवं. हे गणित सातवीच्या मुलाला जमतं. आमच्या सभागृहात ते एकदाही मांडलं गेलं नाही, कारण ते मांडायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

सदस्य झाल्यावर आम्हाला प्रशिक्षण मिळालं होतं. ग्रामसभा कशी घ्यावी, घरपट्टी, जमाखर्च, शौचालयं, महिला सदस्यांचे हक्क. त्यातलं बरंचसं उपयोगी होतं. पण गटार किती रुंद असावी, उतार किती द्यावा, मोरीचं तोंड कशावरून ठरवावं, गाळ कोणत्या टोकाकडून काढत यावा, यावर अर्धा तासही नव्हता. आणि पंचायतीच्या बैठकीत निम्मे अर्ज गटारीचेच असतात!

त्याचा परिणाम कसा होतो ते सांगते. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्यावर जुनी दगडी मोरी होती. तीन फूट रुंद, तीन फूट उंच अशी दोन मुखं, म्हणजे अठरा चौरस फूट वाट. रस्ता रुंद करताना ती काढली आणि दोन फुटी सिमेंटचे दोन पाईप घातले. दोन फुटी गोल पाईपचं तोंड तीन चौरस फुटांहून थोडंच जास्त भरतं, दोन्ही मिळून सव्वासहा. अठराच्या जागी सव्वासहा. त्यातही एकात झुडपं आणि गोणपाट अडकलं की उरले तीन. पहिल्याच पावसाळ्यात वरच्या गल्लीतल्या घरांत पाणी शिरलं. एका म्हातारीची तांदळाची कणगी भिजली, तिने वर्षाची बेगमी केली होती. सगळ्यांनी ठेकेदाराला शिव्या दिल्या. पण ठेकेदाराने अंदाजपत्रकात लिहिलं होतं तेच केलं होतं. अभियंत्याकडे बऱ्याच पंचायती होत्या, त्याने नेहमीचा नमुना जोडला होता. आम्ही सदस्यांनी तो मंजूर केला होता. या साखळीत एकाही माणसाने ओढ्याला वरून किती शिवाराचं पाणी येतं ते पाहिलं नव्हतं. गावातल्या गुराख्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की आर्द्रात पाणी करंजाच्या कोणत्या फांदीला लागतं.

कृष्णाकाठची गोष्ट वेगळी आहे. राजापूर बंधाऱ्यातून किती क्युसेक आले, कल्लोळला पातळी किती, हे चिकोडी, कागवाड, अथणीच्या लोकांना रोज कळतं, तुमच्याच पत्रातून कळतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनी ती यंत्रणा आणखी जागी केली. वेदगंगेने यमगर्णीजवळ महामार्ग बंद पाडला की बातमी पुण्यापर्यंत जाते. नाल्याच्या पुराला मात्र धरण नाही, दरवाजे नाहीत, इशारा नाही. ढग फुटल्यापासून पाणी दारात येईपर्यंत तासभरही मिळत नाही. नदीच्या पुरात वरिष्ठ अधिकारी धावून येतात. नाल्याच्या पुरात जे काय करायचं ते पीडीओ, वॉटरमन आणि वॉर्डाचे कामगार यांनाच करायचं असतं. म्हणून शिक्षणाची गरज सर्वांत खालच्या माणसाला सर्वांत जास्त आहे.

शिकवायला साहित्य नाही असं मुळीच नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्येच शहरी पुरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मोठ्या नाल्यांचा गाळ दरवर्षी ३१ मार्चच्या आत काढून व्हावा, शहरात दर चार चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा, असं त्यात स्पष्ट आहे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २०१९ मध्ये पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावर दोन खंडांची पुस्तिका काढली, तीत सगळी सूत्रं आहेत. पण ती इंग्रजीत आहे आणि अभियंत्यासाठी आहे. वॉर्डाच्या मुकादमाला ती कशी पोचणार?

शिकवणारेही दूर नाहीत. राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं कठीण खडकाच्या प्रदेशासाठीचं केंद्र आपल्या बेळगावातच आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ मच्छेच्या बाजूला आहे, १९९८ पासून. उद्यमबागेत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ग्रामपंचायतींच्या प्रशिक्षणासाठी म्हैसूरला अब्दुल नझीर साब संस्था आहे, नगरपालिकांसाठी तिथेच राज्य नगरविकास संस्था आहे. राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राने ग्रामपंचायत पातळीपर्यंत पर्जन्यमापक बसवलेत. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीसाठी दोन दिवसांचा अभ्यासक्रम तयार करणं ही फार खर्चाची गोष्ट नाही. जिल्हा पंचायतीने मनावर घेतलं तर यंदाच्या मृगाआधी होईल.

माझी पुतणी पर्यावरण अभियांत्रिकी शिकते. तिने मला अमेरिकेतली एक माहिती दिली. तिथे १९७२ च्या जलकायद्यात १९८७ साली पावसाळी पाण्याची तरतूद आली आणि १९९९ च्या नियमांनी शहरी भागातल्या लहान नगरपालिकाही त्यात आणल्या. त्या नियमांत लोकांचं प्रबोधन आणि पालिकेच्या कामगारांचं प्रशिक्षण ही पावसाळी पाणी नदी-ओढ्यांत सोडण्याच्या परवान्याचीच अट आहे. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, कनेक्टिकट विद्यापीठाने गावपातळीवरच्या लोकप्रतिनिधींना जमीनवापर आणि पाणी यांचं नातं शिकवणारा कार्यक्रम सुरू केला. विद्यापीठाची माणसं गावात जाऊन, तिथलेच नकाशे पसरून शिकवायची. आपला पाऊस वेगळा, आपला कायदा वेगळा. पण विद्यापीठाने पंचायतीत येऊन बसावं ही गोष्ट इथेही करता येईल.

आता भाषेचं. हे लिहिताना मी वाद उकरून काढत नाही. आमच्या भागातल्या बऱ्याच पंचायतींत सदस्य मराठी बोलणारे, पीडीओ कन्नड बोलणारे आणि वॉटरमन दोन्ही बोलणारा असतो. कागदपत्रं कन्नडमध्ये येतात. पहिल्यांदा निवडून आलेली, चौथी-पाचवी शिकलेली बाई त्यावर अंगठा किंवा सही करते आणि गप्प बसते. पाण्याचं शिक्षण तरी कन्नड आणि मराठी दोन्हींत द्या. चित्रांची पुस्तिका करा, एका पानावर दोन्ही भाषा छापा. पाणी ज्या गल्लीत शिरतं तिथे दोन्ही भाषांची घरं असतात.

हे शिक्षण सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून देऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिवारफेरी काढा. वरच्या माळापासून ओढ्याच्या खालच्या टोकापर्यंत सदस्य, पीडीओ, अभियंता आणि वॉटरमन यांनी एकत्र चालायचं. पाणी कुठे वळतं, कुठे अडतं, कोणत्या बांधाने ओहोळ गिळलाय, मागच्या पुराची खूण कुठल्या भिंतीवर आहे, ते नकाशावर मांडायचं. गवंड्याची पाणी भरलेली नळी घेऊन गटारीचा उतार मोजायला शिकवायचं, ते कुणालाही अर्ध्या तासात येतं. गाळ काढताना खालच्या टोकाकडून वर यायचं, नाहीतर वर खोल आणि खाली उथळ असं डबकं तयार होतं. जेसीबी मिळाला म्हणून जागच्या जागी खड्डा मारला की नाला साफ झाला असं होत नाही. काढलेला गाळ काठावर ठेवला तर पहिल्या वळवाने तो परत आत येतो, हे तर आम्ही दरवर्षी बघतो.

आणि लेआऊटचं शिकवा. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण गटार पुन्हा बांधता येते, बुजवलेला ओहोळ पुन्हा उकरणं फार कठीण. शहराला लागून असलेल्या पंचायतींत शेतजमिनीचे प्लॉट पडताहेत, पंचायतीतल्या मालमत्ता नोंदीच्या नऊ आणि अकरा नंबरच्या उताऱ्यांसाठी रांगा लागतात. ओहोळ, नाले, गाडीवाटा आरटीसीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, ‘बी खराब’ म्हणून नोंदलेल्या असतात, म्हणजे ती जागा सार्वजनिक. पण नकाशा वाचता येणारा सदस्य किती ठिकाणी आहे? मुरूम टाकून ओहोळ सपाट केला जातो, वर घर उभं राहतं, आणि दोन पावसाळ्यांनी त्याच घरातला माणूस पंचायतीत पाणी शिरलं म्हणून भांडायला येतो. त्याचंही चुकत नाही, त्याने आयुष्यभराची कमाई घातलेली असते. परवानगी देण्याआधी नकाशा आणि जागा दोन्ही पाहायची, एवढं जरी पंचायत सदस्य शिकले तरी पुढची कितीतरी घरं वाचतील.

साधनांबद्दल थोडं. पर्जन्यमापकाचा आकडा पंचायतीच्या फळ्यावर रोज लिहिला जावा. दोन-तीन पंचायतींनी मिळून एक जेसीबी एप्रिल-मेमध्ये ठरवून ठेवावा, जूनमध्ये तो दुप्पट भाड्यानेही मिळत नाही. नाल्यात उतरणाऱ्या कामगाराला गमबूट, हातमोजे आणि नंतर अंघोळीला पाणी-साबण द्यावा. सांडपाणी मिसळलेल्या त्या पाण्यात तो अर्धी चड्डी घालून उभा असतो, मला ते बघवत नाही. जुन्या विहिरींकडेही बघा. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर आजही आहे. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक गावात अशा विसरलेल्या विहिरी आहेत. छपरावरचं स्वच्छ पाणी गाळून त्यात सोडलं तर नाल्यावरचा भार तेवढाच हलका होतो आणि मे महिन्यात टँकरही कमी लागतो. फक्त गटारीचं पाणी त्यात जाता कामा नये, आणि हा फरकही शिकवूनच कळतो.

जिल्हा पंचायतीने आणि पालिकांनी यंदाच्या अंदाजपत्रकात पावसाळी पाण्याच्या प्रशिक्षणासाठी वेगळं लेखाशीर्ष ठेवावं, ही माझी मागणी आहे. गटारीच्या एका कामाच्या रकमेत अख्ख्या तालुक्याचं प्रशिक्षण होईल. ते मार्च-एप्रिलमध्येच घ्यावं. शिवार मोकळं असतं, ओढ्याचं पात्र उघडं असतं, तळ दिसतो. मे संपता संपता पेरणीची घाई लागते, मग कुणालाच वेळ नसतो. शिवारफेरीसाठी आमच्या शेतातून वाट लागली तर ती मोकळी आहे, बळ्ळारी नाल्याच्या काठचे जुने शेतकरी सोबत यायला तयार आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे.

आपली,
एक शेतकरी व माजी ग्रामपंचायत सदस्या,
बेळगाव तालुका