दादाच्या रिपोर्टबद्दल

प्रिय मित्रा,

दादाच्या किडनीतून काढलेल्या कॅन्सरच्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट काल रात्री तीनदा वाचला. फोनवर तू विचारलंस, "एवढं सगळं लिहिलंय, पण पुढे काय होणार ते कुठे लिहिलंय?" तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. रोज स्लाइड बघणाऱ्या मित्राकडून तुला ते अपेक्षित नव्हतं.

गाठ 6 सेंटीमीटरची, क्लिअर सेल प्रकारची, किडनीच्या आतच, ग्रेड 3 (पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचा अंक), नेक्रोसिस म्हणजे गाठीत मेलेला भाग नाही. ग्रेड वाचून वहिनी घाबरल्या असणार. या पेशी स्लाइडवर रिकाम्या दिसतात, कारण त्यांच्यातली चरबी आणि ग्लायकोजेन स्लाइड तयार होताना निघून जातं. आत केंद्रक, आणि केंद्रकात एक ठिपका, केंद्रिका. ती 400 पट मोठं केल्यावरच स्पष्ट दिसली तर ग्रेड 2, 100 पटीलाच डोळ्यांत भरली तर 3. पेशी अगदी वेड्यावाकड्या झाल्या की 4. दादाचा 3 म्हणजे हा ठिपका.

आता तू पाठवलेली मार्करची, म्हणजे गाठीत रंगवून शोधायच्या प्रथिनांची यादी. यातल्या एकेकाची मला एकेकाळी फार आशा होती. या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा व्हीएचएल जनुक बिघडतं, मग पेशीला वाटतं आपल्याला ऑक्सिजन कमी पडतोय, आणि ती सीए-नाइन नावाचं प्रथिन भरमसाट बनवते. 2003 साली एका अभ्यासात दिसलं की 85 टक्क्यांहून जास्त पेशींवर त्याचा रंग चढला तर रुग्ण जास्त जगतात. पुढे मोठ्या गटांत ग्रेड आणि नेक्रोसिस हिशेबात धरल्यावर त्याचं वजन उतरलं. बीएपी-वन या दुसऱ्या प्रथिनाचं जरा वेगळं. ते जिथे असतं तिथे तपकिरी रंग चढतो. ते हरवलेल्या गाठीत कॅन्सरची केंद्रकं निळी पडलेली असतात आणि शेजारच्या रक्तवाहिनीची केंद्रकं तपकिरी राहतात. एकदा पाहिलं की विसरता येत नाही. अशा गाठी एकूण जास्त आक्रमक निघतात, हे वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसलंय. पण त्यावरून दादाचं एकट्याचं भविष्य सांगायला मी धजणार नाही.

आणि एक अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. 2012 साली एकाच गाठीचे वेगवेगळ्या जागांचे तुकडे तपासले, तेव्हा जवळपास दोन-तृतीयांश जनुकीय बदल प्रत्येक तुकड्यात सापडलेच नाहीत. आपण गाठीचा एक कोपरा रंगवतो आणि सबंध गाठीबद्दल बोलतो.

म्हणून माझा भरवसा अजून जुन्या गोष्टींवरच आहे: स्टेज, आकार, ग्रेड, नेक्रोसिस, लसिका ग्रंथी. 2003 साली डॉक्टर लिबोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांचे गुण ठरवले. दादाचे एकूण 3 गुण होतात, म्हणजे मधला गट. त्या अभ्यासात या गटातल्या शंभरातल्या साधारण 74 जणांचा आजार पाच वर्षांत दूर पसरला नव्हता. हा आकडा लिहावा की नाही, यावर मी बराच वेळ घालवला. तुला तो माहीत असावा असं वाटलं. वहिनींना कधी आणि कसा सांगायचा ते तू ठरव. ऑपरेशननंतर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागं करणारं औषध) द्यायची की नाही, हेही आज मुख्यतः स्टेज आणि ग्रेडवरूनच ठरवतात.

तेव्हा त्या यादीतल्या मार्करचं महागडं पॅनल, म्हणजे एकत्र चाचणी, सध्या करू नका. त्याच्या उत्तराने दादाच्या उपचारात आज काहीच बदलणार नाही, आणि घरात आणखी एक कागद वाढेल ज्याच्याकडे सगळे रात्री टक लावून बसतील. त्याऐवजी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड पुन्हा वाचून घ्या, ग्रेड 2 की 3 यावर दोघांचं मत वेगळं पडू शकतं. पुढचे स्कॅन कधी कधी करायचे ते डॉक्टरांकडून लिहून घे. गाठीचे तुकडे ज्यांत बसवलेत ते मेणाचे ब्लॉक नीट जपून ठेवले जातील ना, तेही विचार. उद्या खरंच उपयोगाची चाचणी आली तर ती त्यांच्यावरच होईल.

रविवारी येतोय. स्लाइड मागवून ठेव, मायक्रोस्कोप मी आणतो. ती केंद्रिका तुलाही दाखवतो. दादाला बघायची असेल तर त्यालाही.

तुझाच,
मित्र