पंधराव्या वर्षी शिखर, सतराव्या वर्षी निरोप: आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. किम जे-युल,
अध्यक्ष, आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी पुण्यात मुलींना रोलर स्केटिंग शिकवते. आमच्याकडे बर्फ नाही; सिमेंटची रिंक आणि बुटाखाली चार चाकं. उड्यांची नावं मात्र तुमचीच: लुट्झ, साल्को, अ‍ॅक्सेल. मागच्या महिन्यात नऊ वर्षांच्या एका मुलीची आई मला म्हणाली, "ताई, हिची डबल कधी बसणार? पुढे अंग भरलं की जमत नाही म्हणतात." हे तिच्या कानावर कुठून आलं, ते मला ठाऊक आहे. तुमच्या बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये दोन-तीन ऑलिंपिक हेच दिसत आलं आहे. म्हणून पत्र तुम्हाला लिहिते आहे.

2014 मध्ये सोचीत युलिया लिपनित्स्काया पंधरा वर्षांची होती. सांघिक सुवर्ण जिंकलं तेव्हा सगळं जग तिच्या गिरक्या बघत होतं. 2017 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तिनं निवृत्ती घेतली आणि अ‍ॅनोरेक्सियावर उपचार घेतल्याचं उघड सांगितलं. 2018 ला प्योंगचांगमध्ये पंधरा वर्षांच्या अलिना झागितोव्हानं अठरा वर्षांच्या मेदवेदेवाला हरवलं. डिसेंबर 2019 मध्ये झागितोव्हाही स्पर्धांतून बाजूला झाली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आमच्याकडे या वयात मुली बारावीची परीक्षा देतात.

लहान वयातल्या विजेत्या नव्या नाहीत, हे मी जाणते. नॉर्वेची सोन्या हेनी 1928 मध्ये पंधराव्या वर्षीच ऑलिंपिक जिंकली होती. पण ती 1932 आणि 1936 लाही जिंकली. पंधरावं वर्ष ही तिची सुरुवात होती. आता मुलीचा सगळा खेळ एका ऑलिंपिकपुरता उरतो, आणि पुढच्या ऑलिंपिकला नवी मुलगी उभी असते.

हे का झालं, ते तुमच्या नियमांच्या इतिहासातच दिसतं. बर्फावर ठरावीक आकृत्या कोरण्याचा भाग 1990 नंतर मोठ्या स्पर्धांतून गेला. त्या आकृत्यांना वर्षानुवर्षांचा सराव लागे, त्यामुळे वय वाढणं हा फायदा असे. पुढे 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या परीक्षणाच्या वादानंतर नवी गुणपद्धत आली आणि प्रत्येक उडीला स्वतःचा भाव आला. तिहेरी लुट्झला 5.90 गुण, चार फेऱ्यांच्या लुट्झला 11.50. चार फेऱ्यांच्या अशा उडीला क्वाड म्हणतात. हवेत एक सेकंदही मिळत नाही, तेवढ्यात चार फेऱ्या पुऱ्या करायच्या. ज्या शरीराचं वजन अक्षाच्या जवळ असतं, ते लवकर फिरतं. म्हणजे अरुंद खांदे, अरुंद कंबर, वयात न आलेली मुलगी. उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एका पायावर येतो, आणि सरावात तो दिवसभर पुन्हा पुन्हा येतो. उडी नीट उतरली की टाळ्या पडतात. घोट्याची आणि मणक्याची दुखणी मागाहून येतात, तोवर कॅमेरे पुढच्या मुलीकडे गेलेले असतात.

2022 च्या बीजिंग ऑलिंपिकचं तर काय सांगू. पाच क्वाड करून रौप्य मिळालेली त्रुसोव्हा रडत होती, सुवर्ण मिळालेली श्चेरबाकोव्हा एकटी उभी होती, आणि पंधरा वर्षांची कामिला वलिएव्हा पडत, सावरत चौथी आली होती. 25 डिसेंबर 2021 च्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकाराचं औषध सापडलं होतं. जानेवारी 2024 मध्ये क्रीडा लवादानं तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली. पंधरा वर्षांची मुलगी आपल्या खेळातलं काय काय स्वतः ठरवत असेल? तिचा आहार, सराव, औषधं बघणाऱ्या मोठ्या माणसांचं काय, हा प्रश्न मला आजही झोपू देत नाही.

2022 च्या फुकेत अधिवेशनात सिनिअर गटाचं किमान वय पंधरावरून सतरावर नेण्याचा ठराव 100 विरुद्ध 16 मतांनी मंजूर झाला. त्याच अधिवेशनात तुम्ही अध्यक्ष झालात. तो निर्णय योग्य होता, त्याबद्दल मनापासून आभार. पण क्वाड सतराव्या वर्षी शिकवली जात नाही, ती बाराव्या वर्षी शिकवली जाते. त्रुसोव्हानं 2018 च्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत दोन क्वाड केल्या तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ज्युनिअर गटात आजही तेराव्या वर्षी उतरता येतं. तिथे क्वाडला भाव आहे तोवर प्रशिक्षक थांबणार नाहीत.

माझी पहिली मागणी म्हणून हीच: ज्युनिअर मुलींच्या गटात क्वाडला तिहेरी उडीपेक्षा जास्त गुण देऊ नका. हे अशक्य नाही. झागितोव्हानं सगळ्या उड्या कार्यक्रमाच्या उत्तरार्धात ठेवल्या, कारण तिथे दहा टक्के जास्त मिळत. तुमच्या संघटनेनं 2018 मध्येच त्या बोनसला मर्यादा घातली आणि पुढच्याच हंगामात कार्यक्रमांची मांडणी बदलली. तक्त्यातला एक आकडा बदलला की रिंकवरचा सराव बदलतो, हे तुम्हीच दाखवून दिलं आहे.

मोठ्या मुली काय करू शकतात हेही आपण पाहिलं. काओरी साकामोतो क्वाड न मारता 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीनदा जगज्जेती झाली, एकविसाव्या ते तेविसाव्या वर्षी. अलिसा लिऊ तेराव्या वर्षी अमेरिकेची विजेती झाली, सोळाव्या वर्षी खेळ सोडून गेली, आणि परत येऊन 2025 मध्ये बोस्टनला एकोणिसाव्या वर्षी जगज्जेती झाली. तिचा तो कार्यक्रम मी आमच्या मुलींना मोबाइलवर दाखवला. ती हसत होती, हे आधी मुलींनीच टिपलं. तुमच्याच देशाची युना किमही एकोणिसाव्या वर्षी ऑलिंपिक जिंकली, आणि तेविसाव्या वर्षी रौप्य घेऊन गेली.

दुसरी मागणी: अठरा वर्षांखालच्या प्रत्येक खेळाडूबरोबर तिच्या प्रशिक्षकाची आणि डॉक्टरची नोंद संघटनेकडे असावी, आणि ती औषधचाचणीत सापडली तर त्यांची चौकशी आपोआप सुरू व्हावी. आणि मोठ्या ज्युनिअर स्पर्धांआधी मुलींची हाडं, वजन आणि पाळी यांची तपासणी त्यांच्या संघाबाहेरच्या डॉक्टरनं करावी.

पुढच्या अधिवेशनाच्या विषयपत्रिकेवर या गोष्टी याव्यात, एवढी विनंती. त्या आईला मी "अजून दोन वर्षं थांबू" म्हटलं आहे. तिचा माझ्यावर पुरता विश्वास बसलेला नाही.

आपली,
पुण्यातील एक रोलर स्केटिंग प्रशिक्षिका