गणित कच्चे आहे, म्हणून कॉम्प्युटर नको?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा आणि इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की आमच्या घरची बेल वाजू लागते. गल्लीतले, नात्यातले, जुन्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचे पालक मुलांना घेऊन येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "मॅडम, हिला कॉम्प्युटरला जायचंय, पण गणित कच्चं आहे. घालू का नको?" मूल शेजारी मान खाली घालून बसलेले असते. नाशिक जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी चोवीस वर्षे कॉम्प्युटर शिकवते आहे. दरवर्षी दहा-पंधरा घरांना जे सांगते, ते या वर्षी आपल्या पत्रातून जास्त घरांपर्यंत जावे म्हणून हे लिहिते आहे.

मी आधी उलट विचारते, "कच्चं म्हणजे नेमकं काय?" उत्तर म्हणून एक आकडा मिळतो. बारावीला ५२, नाहीतर सीईटीला ६० पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली साठेक मुले मागे. याहून जास्त कुणालाच सांगता येत नाही, शिकवणी लावलेल्या क्लासलाही नाही. सीईटीच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्रीचा प्रश्न एका गुणाचा आणि गणिताचा दोन गुणांचा, त्यामुळे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. तिथे हात आखडला की पर्सेंटाइल घसरतो आणि घरात ठरून जाते की पोराचे डोके गणिताचे नाही. पण १०८ सेकंदांत उत्तर काढणे हे एक कौशल्य आहे. न चालणाऱ्या प्रोग्रॅमसमोर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत न चिडता बसून राहणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि आमच्या शाखेत रोज लागते ते हे दुसरे. सीईटीला पंच्याण्णवच्या वर असलेली मुले नवा प्रश्न पाहून "मॅडम, हा कुठल्या टाइपचा आहे?" असे विचारत हतबल झालेली मी दरवर्षी पाहते.

म्हणून मी मुलाच्या हातात एक कागद देते. त्यावर सातवी ते नववीची आठ गणिते असतात. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. अ − (ब − क) चा कंस सोडवा. तीनचा शून्यावा घात किती? ८० रुपयांची वस्तू १०० ला विकली तर शेकडा नफा किती? अशीच आणखी चार. घड्याळ लावत नाही. अर्ध्या तासात मुलाचे गणित कुठे तुटले आहे ते कागदावर दिसते. बारावीत नापास व्हायची भीती असलेल्या मुलाचे गणित बहुधा बारावीत तुटलेले नसते. ते सातवीच्या अपूर्णांकात किंवा आठवीच्या कंसात तुटते आणि पुढची पाच वर्षे त्याच फटीवर इमले चढत राहतात.

काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातली एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. मराठी माध्यम, दहावीला गणितात ८४, बारावीला ४९. अकरावीत जाऊन मूल असे एकदम मठ्ठ कसे होईल? मी तिला डिटरमिनंटचे, म्हणजे चौकोनात मांडलेल्या आकड्यांतून एक संख्या काढायचे, एक साधे उदाहरण घातले. ती म्हणाली, "हे मला कधीच जमलं नाही." मग मी विचारले, "निश्चयक येतो का?" तिचा चेहरा उजळला. दहावीच्या बीजगणितात क्रेमरची पद्धत शिकताना तिने निश्चयक पाठ केला होता, भराभरा सोडवूनही दाखवला. डिटरमिनंट म्हणजे तोच, हे अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत तिला कुणी सांगितले नव्हते. अकरावीत गणित इंग्रजीत आले: अपूर्णांकाचे फ्रॅक्शन झाले, लसाविचे एलसीएम, संभाव्यतेचे प्रोबॅबिलिटी, सिद्धतेचे प्रूफ, आणि हा उंबरठा तिने एकटीने ओलांडायचा होता. सेमी-इंग्रजीच्या मुलांना हा धक्का कमी बसतो. खेड्यातल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलांना तो पुरता बसतो, आणि तो भाषेचा धक्का असतो हे ओळखायला घरी कुणी नसते. तिच्या वडिलांनी तर मान्यच करून टाकले होते की आपल्या घरात कुणाचेच गणित चांगले नाही, तर हिचे कुठून असणार. ते वाक्य ऐकताना त्या मुलीची नजर मी विसरू शकत नाही.

दुसरी फट मात्र खरीच होती. कंसाआधी वजाचे चिन्ह आले की तिचे सगळे गणित कोसळायचे. अ − (ब − क) चे ती दरवेळी अ − ब − क करायची.

तिला मी कापरेकरांची गोष्ट सांगितली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे आमच्याच देवळालीच्या शाळेतले शिक्षक. हातात पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, पण १९४९ साली त्यांनी जगापुढे ठेवलेला ६१७४ हा आकडा आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या तिथे पोहोचतात.

तिला म्हटले, याची कृती अशी लिही की तुझ्या धाकट्या भावाला काही न विचारता करता आली पाहिजे. मग माझ्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम आम्ही पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. झरझर चालला, आणि २१११ ला येऊन अडला. उत्तर शून्य. मी काहीच बोलले नाही. ती कागदावर मांडत बसली: २१११ वजा १११२ बरोबर ९९९. पुन्हा ९९९ वजा ९९९, शून्य. स्वयंपाकघरात माझा वरण-भाताचा कुकर होऊन गेला, तिच्या वडिलांचा चहा निवून गेला. साधारण पाऊण तासाने ती म्हणाली, "मॅडम, पुढचं शून्य पडलंय. ९९९ नाही, ०९९९ पाहिजे." मग ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, आणि पुढे बरोबर ६१७४. तिने शून्य ठेवायची ओळ घातली आणि प्रोग्रॅम सुटला. जाताना दारात चपला घालता घालता तिने विचारले, "पण सगळी उत्तरं नवाच्या पाढ्यातच का येतात?"

तिने कॉम्प्युटरला जावे हे माझे मत त्या दारात पक्के झाले. त्या प्रश्नाचे उत्तर काढायला अक्षरे मांडावी लागतात, आणि अक्षरे मांडली की कंस आणि त्याआधीचे वजा येतेच. अ, ब, क, ड हे अंक उतरत्या क्रमाने घेतले तर वजाबाकी ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क) अशी निघते, आणि दोन्हींना नवाने भाग जातो. आठवड्याने ती हे वहीत मांडून घेऊन आली. पाच वर्षे ज्या कंसाला घाबरत होती तो तिने स्वतःच्या गरजेसाठी सोडवला होता.

पुढचे खरे तेच सांगते. इंजिनिअरिंगला एम-वन, एम-टू आणि एम-थ्री असे गणिताचे तीन पेपर असतात, त्यांत विकलन (डिफरन्सिएशन), संकलन (इंटिग्रेशन), लाप्लास सगळे येते. ती एम-वन काठावर सुटली. एम-टूला केटी लागली, म्हणजे विषय राहिला, दुसऱ्या खेपेला निघाला. दुसऱ्या वर्षाच्या डिस्क्रीट मॅथ्सला मात्र तिला ७१ होते. संच, तर्क, मोजणी, आलेख यांचे हे गणित आमच्या शाखेला सगळ्यात जवळचे. त्यात पाठांतर फारसे चालत नाही, पण बारावीच्या इंटिग्रेशनवर ते उभेही नाही. चढत्या क्रमाने लावलेल्या १० लाख नावांच्या यादीतून एक नाव फक्त २० तुलनांत सापडते, दर वेळी यादी अर्धी टाकून देत गेले की झाले. दोनचा विसावा घात १०,४८,५७६ होतो हे ज्याला कळले, त्याला ते का जमते तेही कळते. आठवीचे घातांक पक्के असले की मूल इथपर्यंत येते.

सगळ्यांनी यावे असे मात्र मी म्हणत नाही. कागद दिल्यावर ज्याला पाच मिनिटांत मोबाइल उघडावासा वाटतो, दुसऱ्यांदा दिल्यावरही वाटतो, आणि ज्याला पॅकेजच्या आकड्याखेरीज या विषयातले काहीही सांगता येत नाही, त्याच्या आईवडिलांना मी स्पष्ट नको म्हणते. आमच्या कॉलेजात एक मुलगा केवळ चुलतभाऊ पुण्यात आयटीत आहे म्हणून घातला गेला. एम-थ्री त्याची चार प्रयत्नांतही सुटली नाही. त्याला पिकअप दुरुस्त करायला आवडायचे, हे मला त्याने चौथ्या वर्षी सांगितले. आधी विचारले असते तर त्याची ती वर्षे आणि त्याच्या वडिलांचे कर्ज वाचले असते. विचारणे माझेही काम होते आणि मी ते केले नाही, म्हणून आता विचारते. ज्यांना मशीन लर्निंग किंवा ग्राफिक्स हेच करायचे आहे त्यांनीही समजून असावे की मॅट्रिक्स, संभाव्यता आणि विकलन यांतून तिथे सुटका नाही. गणिताचा भार कमी हवा असेल तर बीसीए ही कॉम्प्युटरचीच, पण इंजिनिअरिंगबाहेरची पदवी आहे. २०२४ पासून त्यालाही सीईटी लागते, पण एम-वन ते एम-थ्रीची चढण तिथे नाही.

आता आम्हा कॉलेजवाल्यांबद्दल. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम, म्हणजे कॉलेजात रुळवण्याचा कार्यक्रम, ठरवून दिला आहे. बहुतेक ठिकाणी त्यात पाहुण्यांची भाषणे, ओळखपरेड आणि कॅम्पसची फेरी होते. त्यातला एक आठवडा द्या. पहिल्या दिवशी सातवी ते दहावीच्या गणिताची चाचणी घ्या, गुण फलकावर न लावता. ज्याची जी फट निघेल तिच्यावर उरलेले दिवस बसा. मराठी माध्यमाच्या मुलांना एका पानावर निश्चयक आणि डिटरमिनंट, फल आणि फंक्शन, संच आणि सेट असे शेजारीशेजारी छापून द्या. याला खर्च एका झेरॉक्सचा आहे. दोन वर्षे मी माझ्या एका तुकडीपुरते हे करते आहे. मागच्या बाकांवरून प्रश्न यायला लागले आहेत, आणि ते मराठीत येतात.

पालकांना विनंती एवढीच की कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीचा, पर्याय-अर्ज भरण्याआधी एक रविवार काढा. कापरेकरांची कृती वर दिली आहे, कागद-पेन्सिल पुरते. मुलाला २१११ घ्यायला सांगा, आणि तो अडला तर शेजारी बसा, पण उत्तर सांगू नका.

आपली,
संगणक विभागातील एक प्राध्यापिका, नाशिक